फिजिओथेरपी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावात हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक पक्षाघात दिनाच्या निमित्ताने, २९ ऑक्टोबरला, आपण पानभर मजकूर छापलात. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात उचलता न येणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर आधी घड्याळ बघा आणि मोठा दवाखाना गाठा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे चौकटीत दिलंत. ती चौकट कापून मी दुकानात आरशाशेजारी चिकटवली आहे. माप द्यायला आलेल्या बायका उभ्या उभ्या वाचतात. त्या पानाची शेवटची ओळ अशी होती: 'त्यानंतर नियमित फिजिओथेरपी घ्यावी.' हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

माझं टेलरिंगचं दुकान आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, जिथून कर्नाटकची हद्द सायकलवर गाठता येते अशा गावात. छत्तीस वर्षं हाच धंदा: लेडीज, जेंट्स, शाळेचे गणवेश. कापणं आणि मशीन माझ्याकडे. काज-बटण, हातशिलाई, साडीचा फॉल माझ्या बायकोकडे, हिच्याकडे. म्हणजे दुकानातून बाहेर पडलेल्या जवळपास प्रत्येक कपड्याला हिचा उजवा हात लागलेला.

१९ जानेवारी २०२३ च्या सकाळी ही चुलीपुढे भाकरी थापत होती. मला काहीतरी सांगायला गेली आणि तोंडातून भलतंच निघालं. मग हातातली भाकरी परातीबाहेर पडली आणि तिला ते कळलंही नाही. शेजारच्या काकू धावत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्या अंगावरून वारं गेलंय." आमच्याकडे पक्षाघाताला असंच म्हणतात. एकदा वारं गेलं म्हटलं की सल्लेही ठरलेले असतात. कुणी कबुतराच्या रक्ताने चोळा म्हणालं, कुणी हद्दीपलीकडच्या एका गावातलं झाडपाल्याचं औषध सांगितलं. त्या औषधाला जाण्यात आमची सकाळ गेली. हे मी लपवत नाही, कारण लपवून कुणाचाच फायदा नाही. मिरजेला पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली होती, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं होतं. सुरुवात किती वाजता झाली, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, सातला. त्यांनी ती वेळ लिहून घेतली आणि इंजेक्शनचा विषय काढला नाही. बी.पी.ची गोळी तीन महिने बंद होती, बरं वाटतंय म्हणून.

नऊ दिवस दवाखान्यात काढले. तो खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे; नाहीतर दुकान गहाण टाकावं लागलं असतं. दहाव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर पाच गोळ्यांची नावं, कितीची, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. सर्वांत खाली तीन शब्द: 'फिजिओथेरपी चालू ठेवणे.' कुठे करायची, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, कोण करणार, घरच्यांनी काय करायचं नाही, यातलं काही नव्हतं. सोबत एक झेरॉक्स दिली होती, इंग्रजीतली. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून ती इतकी काळवंडलेली की चित्रातला हात कुठला आणि पाय कुठला ते ओळखू येत नव्हतं. ती कुणी जाणूनबुजून तशी दिली असं मी म्हणत नाही. वॉर्ड भरलेला होता, माणसं कमी होती. पण गोळी चुकली तर काय होईल हे आम्हाला दोनदा समजावून सांगितलं गेलं, आणि हात चुकीचा धरला तर काय होईल हे एकदाही नाही.

घरी आणल्यावर पुढचे दहा आठवडे आम्ही जे केलं ते मायेने केलं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. जरा तपशिलात लिहितो, कारण आज हे पत्र छापून येईल तेव्हाही जिल्ह्यातल्या कुठल्यातरी घरात हेच चाललेलं असणार.

हिला अंथरुणातून उठवायचं म्हणजे एकाने डावा हात धरायचा, एकाने उजवा, आणि ओढायचं. भाऊ, पुतणे, शेजारी, सगळे ताकदीचे. लुळा पडलेला हात म्हणजे काय असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खांद्याची खोबण उथळ असते. तिच्यात हाडाचा गोळा टिकतो तो भोवतीच्या स्नायूंच्या जिवावर. स्नायूंचं बळ गेलं की हाताचं वजनच त्याला खाली ओढत राहतं, आणि त्यात आपण हिसका देतो. फेब्रुवारी संपता संपता ही त्या हाताला कुणाला शिवू देईना. बोलता येत नव्हतं, नुसते डोळे भरून यायचे. आम्हाला वाटायचं, वाऱ्याचंच दुखणं आहे, चालायचंच.

मग मी हिच्यासाठी पुढून उघडणारे, हुकांऐवजी वेलक्रो लावलेले ब्लाउज शिवायला घेतले आणि त्यासाठी नव्याने माप घेतलं. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत डावीकडे सव्वाबारा इंच भरलं. उजवीकडे तेरा. टेप पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. एका माणसाच्या दोन हातांत एवढा फरक मी धंद्यात कधी पाहिला नव्हता, आणि हिची मापं तर मला पाठ. घरात सांगितलं तर म्हणाले, टेप सैल धरली असशील. पुढे एप्रिलमध्ये फिजिओ मॅडमनी खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली आपलं बोट ठेवून दाखवलं. खड्डा पडला होता आणि त्यात बोट मावत होतं. सांधा खाली घसरला होता. मॅडम म्हणाल्या, यातलं काही आजाराने झालंय, पण पुष्कळसं ओढण्याने.

चेंडूचंही तेच. कुणीतरी मऊ चेंडू आणून दिला आणि दिवसभर दाबायला सांगितलं. सुरुवातीला सैल पडलेले स्नायू काही आठवड्यांनी ताठर होऊ लागतात. कोपर दुमडतं, मूठ आपोआप आवळली जाते. हिची मूठ मिटायला शिकवायची गरजच नव्हती, उघडायला शिकवायची होती. आम्ही चेंडू दाबून घेत होतो. दिवसाआड एक मालिशवाला यायचा, निर्गुडीच्या तेलाने रगडायचा, जाता जाता बोटं मोडून द्यायचा, दोनशे रुपये घ्यायचा. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. झोपवताना पायावर जड वाकळ टाकायचो, तिच्या वजनाने पाऊल पुढे झुकून तसंच राहिलं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं हे माहीत नसल्याने माकडहाडापाशी जखम झाली, ती भरायला दीड महिना लागला.

गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या, ब्लाउज शिवायला टाकायला आल्या होत्या. त्यांनी हिला आत बघितलं आणि तिथल्या तिथे फोन करून सांगलीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचा पत्ता काढून दिला. एप्रिलच्या मध्यापासून आम्ही जायला लागलो, सोमवार, बुधवार, शुक्रवार.

पहिल्या दिवशी मॅडमनी हात-पाय लगेच धरले नाहीत. आधी विचारलं, यांना काय करायला आवडतं, घरात काय काय करायच्या, पुन्हा काय करता यायला हवंय. मी म्हटलं, चालली म्हणजे झालं. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला नाही, त्यांना विचारते. हिची मोठी बहीण सोबत होती. आमची सासुरवाडी विजापूरकडची. घरात मराठी, पण बहिणी भेटल्या की कन्नड. बहिणीने कन्नडमध्ये तेच विचारलं. हिने डावा हात उचलून खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे दाखवलं, मग बहिणीच्या गळ्याला हात लावला. बहिणीला कळलं: एसटीत बसून माहेरी यायचंय.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मॅडम मराठीत म्हणायच्या, "पाय उचला," आणि ही नुसती बघत राहायची. आम्ही समजत होतो, हिला आता काही कळत नाही. बहीण म्हणाली, "काल एत्तु," आणि पाय हलला. थोडाच, पण हलला. मॅडमनी लगेच कागद घेतला आणि बहिणीला विचारून लिहून काढलं: एळु म्हणजे ऊठ, निल्लु म्हणजे उभी राहा, कूडु म्हणजे बैस. देवनागरीत लिहिलेला तो कागद नंतर सहा आठवडे त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. व्यायाम मोजायचा तोही कन्नडमध्ये. सातव्या की आठव्या खेपेला मॅडम चुकल्या, तीनवर अडल्या, आणि हिच्या तोंडून आलं, "नाक्कु, ऐदु." जानेवारीनंतरचे हिचे पहिले स्पष्ट शब्द चार आणि पाच हे आकडे होते. आकडे, वार, प्रार्थना असं लहानपणापासून तोंडात बसलेलं कधी कधी आधी बाहेर येतं, वाक्यं नंतर, असं मॅडमनी सांगितलं. आमच्या सीमाभागात अशी दोन भाषांची किती माणसं असतील! त्यांची परीक्षा एकाच भाषेत घेऊन 'समज नाही' असं कार्डावर लिहू नये, एवढं जाता जाता डॉक्टरमंडळींना सुचवतो.

मॅडमनी मला आजार जसा समजावला तसा सांगतो. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. पण शेजारचे भाग ते काम शिकू शकतात, आणि ते शिकतात करून करून. आमच्या धंद्यात नवा पोरगा येतो तेव्हा त्याला पहिले काही महिने रद्दी कापडावर काजंच घालायला देतात. शेकडो काजं वाकडी जातात, मग एक दिवस हात बसतो. त्याला काज म्हणजे काय हे कळायला एक मिनिट लागलेलं असतं. हात बसायला महिने लागतात. मेंदूचंही तसंच आहे, आणि त्याची शिकण्याची घाई पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, तरी शिकणं थांबत नाही. हे ऐकलं तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस राहिले होते.

त्या सहा आठवड्यांत मी जे शिकलो ते कुणीही शिकू शकतं, फक्त कुणीतरी समोर करून दाखवायला हवं. हाताला धरून कधीच उठवायचं नाही, कमरेला धरायचं. त्यासाठी मी नवारीचा चार बोटं रुंद पट्टा शिवला, दोन्ही बाजूंना पकडायला मुठी ठेवल्या. खुर्चीतून उठताना आधी पावलं मागे घ्यायची, मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की उठायचं. कपडा घालताना आजारी हात बाहीत आधी, काढताना शेवटी. छत्तीस वर्षं कपडे शिवणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. बसलेली असताना उजवा हात मांडीवरून लोंबू द्यायचा नाही, खाली उशी ठेवायची. दुकानातला छोटा आरसा मॅडमनी मागवून घेतला. तो हिच्या दोन हातांमध्ये उभा धरायचा, उजवा हात आरशामागे लपवायचा आणि डावा हात हलवत आरशात बघायचं. आरशात उजवाच हात हलतोय असं दिसतं. १९९०च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूतज्ज्ञांनी हात-पाय कापले गेलेल्या रुग्णांच्या वेदनांसाठी आरसा वापरला, तिथून तो पक्षाघाताच्या उपचारांत आला, हेही मॅडमनीच सांगितलं. पहिल्या दिवशी ही आरशात बघून रडली. पण रोज वीस मिनिटं केलं. मे महिन्यात अंगठा बाजूला सरकायला लागला.

आणि मग जाणं बंद पडलं.

साडेसहाची गाडी. नागज फाटा, कवठेमहांकाळ, मिरज, सांगली. अडीच तास जायला, अडीच तास यायला, आणि मध्ये पंचेचाळीस मिनिटांचा व्यायाम. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आधार होता. फी एका वेळेची तीनशे. सहा आठवड्यांत अठरा खेपा, पाच हजार चारशे रुपये. ते आम्ही भरले. पण आठवड्याचे तीन दिवस दुकानाला कुलूप. एप्रिल-मे म्हणजे गणवेशाचा हंगाम, वर्षाची निम्मी कमाई. एका शाळेचं काम मी परत केलं, दुसऱ्या शाळेने स्वतःहून काढून घेतलं. हीसुद्धा इतकी थकून यायची की उरलेला दिवस झोपून जायचा आणि घरचा व्यायाम बुडायचा. मॅडमनी निम्मी फी घ्यायची तयारी दाखवली. भल्या बाई. पण अडचण फीची नव्हती, अंतराची होती. मे अखेरीला ही आधाराशिवाय खुर्चीतून उठून उभी राहायला लागली होती, आणि तिथे आम्ही थांबलो. जून आणि जुलै घरीच. त्या दोन महिन्यांत टाचेची शीर आखडली आणि पाऊल पुन्हा फरफटायला लागलं.

ऑगस्टमध्ये आमच्यापासून चौदा किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावात एका तरुण मुलाने फिजिओथेरपीचा दवाखाना काढला. खताच्या दुकानाच्या मागे दोन खोल्या. मुलगा याच भागातला, चार वर्षांचं शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप करून आलेला. बरोबरची मुलं पुण्याला गेली, हा परत आला. सुरुवातीला रोज दवाखाना उघडा ठेवायचा आणि दिवसाला दोन-तीन रुग्ण यायचे. मंगळवारी मात्र पंधरा-वीस. कारण मंगळवारी बाजार. बाजाराच्या दिवशी चारी दिशांनी वडाप (माणशी भाडं घेणाऱ्या खाजगी गाड्या) चालू असतं, दर दहा-पंधरा मिनिटांना गाडी. गाडीवाला ओळखीचा, तो पेशंटला पुढे बसवतो, उतरवायला हात देतो. सोबत येणाऱ्या माणसाचाही खाडा होत नाही. तो बाजार करतो, बी-बियाणं घेतो, बँकेचं काम उरकतो. इतर दिवशी तेच चौदा किलोमीटर म्हणजे सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक. त्या मुलाने, म्हणजे आमच्या सरांनी, हे ओळखलं आणि मंगळवारी सकाळी सात ते रात्री आठ दवाखाना सुरू केला. एका मंगळवारी आठवड्याचे व्यायाम शिकवायचे, घरच्या एका माणसाकडून समोर करून घ्यायचे, मोबाइलमध्ये चित्रीकरण करून द्यायचं, मधे शुक्रवारी फोन, आणि पुढच्या मंगळवारी तपासून पुढचं पाऊल. दुकान आठवड्यातून एकच दिवस बंद, आणि त्या दिवशी तसंही आमच्या गावात गिऱ्हाईक नसतं, सगळे बाजारात.

एसटीचं हिच्या मनातून गेलेलं नव्हतं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, पायरी मोजून आणा. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची खालची पायरी मी टेपने मोजली: जमिनीपासून सोळा इंच. कंडक्टरने विचारलं, काय करताय? सांगितल्यावर त्याने दार उघडून आतल्या पायऱ्याही मोजू दिल्या आणि पकडायची दांडी किती उंचीवर आहे तेही टिपून घ्यायला सांगितलं. सुताराकडून चार-चार इंचांच्या चार फळकुट्या करून घेतल्या. एकीवर चढ-उतार जमली की तिच्यावर दुसरी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आधू पाय आधी. पायात टाच धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, चपलेला मागून पट्टा. दोन फळ्यांना सहा आठवडे, तिसरीला तीन महिने. चौथ्या फळीवर ही दोनदा बसकण मारून पडली आणि महिनाभर तिला हात लावेना. चढताना दांडी डाव्या हाताला सापडते, उतरताना तीच दांडी आजारी हाताच्या बाजूला येते, हे सरांच्या लक्षात आलं, म्हणून तोंड गाडीकडे ठेवून पाठमोरं उतरायला शिकवलं. २०२४ च्या दिवाळीत ही एसटीने माहेरी गेली. मी खाली उभा होतो, पट्टा धरून. पट्ट्याला ताण आला नाही.

आज हिची चाल काठी आणि स्प्लिंटवर आहे. बोलणं तुटक, पण घरात पुरतं. उजव्या हाताने सुई धरता येत नाही आणि बहुधा येणारही नाही. कापड दाबून धरता येतं, डाव्या हाताने ती फॉल लावते. वेळेत झालं असतं तर किती परत आलं असतं, हे मला कुणी सांगू शकत नाही.

'घरच्यांना शिकवलं की झालं, तज्ज्ञ कशाला,' असं एका अधिकाऱ्याच्या तोंडून मी ऐकलं आहे. मी सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की याची भारतातच मोठी चाचणी झालेली आहे. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं, आणि सहा महिन्यांनी मृत्यू व परावलंबन यांत काही फरक पडलेला दिसला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या घरी सहा जण होतो, सहाही जण झटत होतो, आणि खांदा आम्हीच निखळवत आणला. घरच्यांचे हात लागतातच. पण त्या हातांकडे दर आठवड्याला बघणारं जाणतं माणूस पाहिजे, आणि हिचा पाय जसा सुधारेल तसा व्यायाम बदलून देणारं पाहिजे. पाठवलेला कागद ते काम करत नाही.

म्हणून माझी मागणी जिल्हा परिषदेकडे, आरोग्य खात्याकडे आणि आमच्या लोकप्रतिनिधींकडे आहे. मोठी यंत्रं नकोत, नवी इमारत नको. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या बाजाराच्या गावी, त्या गावच्या बाजाराच्या दिवशी, सरकारी दवाखान्यात दिवसभर एक पात्र फिजिओथेरपिस्ट बसवा. वार गावागणिक वेगळे आहेत, म्हणजे एकच माणूस आठवड्यात पाच गावं करू शकतो. लागतं काय? एक रुंद बाक, चार फळ्या, एक आरसा, पडदा. सांगली-कराड पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून दरवर्षी मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. २०२१ साली केंद्राने फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी कायदाही केला. पक्षाघाताचं नाव घेऊन केंद्राचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, गावोगाव बी.पी. आणि साखर तपासतात, ते चांगलंच आहे. हिची गोळी तेव्हा कुणी विचारली असती तर मी हे पत्र लिहीत नसतो. पण झटका येऊन गेलेल्या माणसापर्यंत त्यातलं काय पोचतं?

जनआरोग्य योजनेचंही बघावं. ती मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. दवाखान्यातले नऊ दिवस सरकारने भरले, आणि ज्या महिन्यांत माणूस उभा राहतो किंवा कायमचा अंथरुणाला खिळतो ते महिने आमच्यावर सोडले. डिस्चार्जनंतर निदान तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीच्या खेपा योजनेत धराव्यात. डिस्चार्ज कार्डावर त्या तीन शब्दांच्या जागी दवाखान्याचं नाव, वार आणि फोन नंबर असावा, आणि खांद्याला धरून ओढू नका एवढं तरी मराठीत, आमच्याकडे कन्नडमध्येही, चित्रासह असावं. आशाताईंना हे अर्ध्या दिवसात शिकवता येईल. घरात पहिल्यांदा त्याच पोचतात.

हे होईपर्यंत माझ्याकडून होईल ते करतो. नवारीचा तो पट्टा मी आतापर्यंत अकरा घरांना शिवून दिला आहे. कंबरेचं माप आणि रुग्णाचं वजन अंदाजे सांगितलं की दोन दिवसांत होतो, पैसे घेत नाही. चार फळ्यांचं माप सुताराकडे लिहून ठेवलेलं आहे. बाजाराच्या गावात मंगळवारी सरांच्या दवाखान्याबाहेर मी हिच्यासोबत सकाळी नऊपर्यंत असतोच. पट्टा कसा बांधायचा आणि पेशंटला कुठे धरायचं ते तिथेच दाखवतो. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात देत आहे. कुणी विचारलं तर जरूर द्यावा.

आपला नम्र,
एक टेलर, सांगली जिल्हा (पूर्व भाग)
(पूर्ण नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)